वॉकरची पिशवी, पाथरीचे घर आणि मोडलेली सोयरीक

मी, कासाबाई धोंडीबा घुंबरे, वय त्रेसष्ट वर्षे, धंदा मशीनवर विणकाम, मूळ गाव वालूर, तालुका सेलू, सध्या राहणार पाथरी, जिल्हा परभणी, हा कागद स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तीन वर्षांची असताना पोलिओ झाला तेव्हापासून उजवा पाय ठिकाणावर नाही, पण मृत्युपत्राला पाय लागत नाही असे वकीलबाई राजेश्री यांनी सांगितले आहे. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही. मी हे लिहीत आहे हे माझ्या घरातल्या माणसालाही ठाऊक नाही. घरातले माणूस म्हणजे माझी भाची, भाऊ आश्रुबाची मुलगी निकिता, वय एकोणतीस, जी गेली सात वर्षे माझ्याजवळ राहते.

वकीलबाईंनी बजावले आहे की खाडाखोड नको. म्हणून मी काही खोडणार नाही. मन बदलले तर खाली तसे लिहीन. शेवटी लिहिलेले ते खरे धरावे.

कलम १. माझ्या मालकीचे पाथरी येथील दोन खोल्यांचे पत्र्याचे घर, स्वयंपाकघर व मागची न्हाणी यांसह, स्वेटर विणायचे एक मशीन, बँकेतली ठेव, आणि घरातले सामान. हे सर्व मी शाळेच्या पोरांचे स्वेटर विणून मिळवलेले आहे. वडिलोपार्जित त्यात एक वीट नाही.

कलम २. भाऊ आश्रुबा धोंडीबा घुंबरे, राहणार वालूर, यास मी काहीही देत नाही. विसरून नाही, ठरवून. उद्या तो म्हणेल की बहीण भोळी होती, तिच्या ध्यानात राहिले नाही. म्हणून कारण लिहिते.

वडील वारले त्याच्या दुसऱ्या वर्षी, मी सत्तावीस वर्षांची असताना, दादा मला तालुक्याच्या कचेरीत घेऊन गेला. कचेरी वरच्या मजल्यावर होती. त्याने मला पाठुंगळी घेतले, माझ्या कुबड्या काखेत धरल्या आणि एका दमात जिना चढला. जिन्यात एक म्हातारा म्हणाला, "भाऊ असावा तर असा." मला त्या वेळी खरोखर अभिमान वाटला. वर गेल्यावर दादाने कागद पुढे केला.

"काय हाय दादा?"

"वारसाचा कागद हाय. सही कर."

मी सातवी शिकलेली. वाचले. हक्कसोडपत्र होते. मी त्याच्या तोंडाकडे पाहिले तेव्हा तो म्हणाला, "कासे, तुला जलमभर सांभाळायचं मलाच हाय का न्हाई? मग जमीन कुणाच्या का नावानं असंना." मी सही केली. मग म्हणाले, आता खाली ने. तो म्हणाला, "बस जरा, चहा पिऊन येतो."

तो आला नाही. शिपाई कुलूप लावायला आला तेव्हा मी बाकावरच होते. कुबड्या जिन्यावरून खाली सोडून दिल्या आणि एकेका पायरीवर बसत बसत उतरले. स्टँडवर वालूरची गाडी लागलेली होती. तिच्यात बसले नाही. पाथरीच्या गाडीत बसले. परभणीला माझ्याबरोबर मशीनचे काम शिकलेली तानुबाई पाथरीला राहत होती, तिने मला ओसरी दिली. तानुबाई आता नाही. ती असती तर हे घर तिचे होते.

माझ्या तिरडीला आश्रुबाने खांदा देऊ नये. एकदा उचलले तेवढे पुरे.

कलम ३. वहिनी बायनाबाई आश्रुबा घुंबरे हिला माझ्या जुन्या लाकडी कुबड्या द्याव्यात. त्या पलंगाखाली आहेत. मी वालूरला राहत होते तेव्हा घरी पाव्हणे येणार असले की ती या कुबड्या काढून घेऊन आढ्याला टांगायची. म्हणायची, "वन्सं, दोन घटका आत पडून ऱ्हावा. पाव्हण्यांच्या ध्यानात नको यायला." पाव्हणे जेवून, पान खाऊन, झोप काढून जात. एकदा मला लघवीला जायचे होते. मी हाक मारली. तिने माझ्या खोलीचे दार बाहेरून लोटून घेतले आणि पाव्हण्यांना सांगितले, शेजारची वेडी बाई ओरडते. पुढे काय झाले ते तिला माहीत आहे. ते लुगडे तिनेच दुसऱ्या दिवशी मला धुवायला लावले.

बायनाबाईचे गुडघे गेले आहेत असे ऐकते. या कुबड्या तिच्या उंचीला आखूड पडतील, वाकून चालावे लागेल. तिने वाकून चालावे.

कलम ४. बँकेतल्या ठेवीतून माझ्या मातीचा खर्च करावा. उरेल ते निकिताला द्यावे. यावर जास्त लिहीत नाही.

कलम ५. आता मशीन आणि पिशवी. हे नीट वाचावे, कारण या पिशवीबद्दल पेपरात छापून आलेले खोटे आहे.

सात वर्षांपूर्वी मी न्हाणीत घसरले आणि डाव्या खुब्याचे हाड मोडले. म्हणजे जो पाय चांगला होता तोच. आत सळई घातली. कुबड्या बंद झाल्या आणि वॉकर आला. कुबड्या होत्या तेव्हा मी गळ्यात झोळी अडकवून सगळे आणायची: लोकर, भाजी, पाण्याचा तांब्या. वॉकरवर वाकून चालावे लागते. गळ्यातली झोळी पुढे लोंबते आणि माणूस तोंडावर जातो. वॉकर धरला की दोन्ही हात गेले. ज्यांचे पाय शाबूत आहेत त्यांना हे कळत नाही. त्यांना वाटते, वॉकर दिला म्हणजे बाई चालायला लागली. चालून करू काय? स्वयंपाकघरात गेले तर चहाचा कप खोलीत आणता येत नाही. चष्मा एका खोलीत राहिला तर तो आणायला जायचे, आणि आणायचा कशात? पलंगापासून माठ अकरा पावलांवर होता. मी माठापाशी उभी राहून पाणी प्यायची, आणि मग लघवीला कधी लागेल याची भीती धरून कमी प्यायची. बाकी सगळे निकिताला मागायचे. ती तेव्हा बावीस वर्षांची, बी. ए. सोडून माझ्याकडे आलेली. सोडून म्हणजे तिच्या बापाने सोडवून. सांभाळायचा शब्द दिला होता ना त्याने. तो त्याने पोरीकडून पाळून घेतला.

मी तिला मशीन शिकवले. पोरगी हुशार. दोन महिन्यांत सुया बदलायला शिकली, चार महिन्यांत माझ्यापेक्षा साफ गळा विणायला लागली. मी पलंगावरून सांगायची, ती मशीन चालवायची. मी तिला म्हणायची, "निके, तू माजे हात हायस."

पिशवी मला सुचली ती चार वर्षांपूर्वी. वॉकरलाच बांधायची पिशवी. पहिली मी साध्या विणीची करून घेतली, मरून लोकरीची, उरलेल्या स्वेटरच्या. विणलेले कापड ताणते. पाण्याची बाटली टाकली तशी पिशवी लांबत लांबत गुडघ्याखाली गेली, माझ्याच पायावर आपटली आणि मी भिंतीला कपाळ फोडून घेतले. कपाळावरचा वण अजून आहे. निकिता म्हणाली, "आत्या, ऱ्हाऊ दे हे. मी हाय की." मी म्हणाले, तू हायस म्हणूनच.

दुसरी पिशवी वॉकरच्या बाहेरून बांधली, तर वजनाने वॉकरच पुढे झुकायला लागला. तिसरी जमली. मशीनच्या दोन्ही बाजूंच्या सुया लावून घट्ट दुहेरी वीण. लोकरीच्या जोडीला कोळ्यांच्या जाळ्याचा बारीक नायलॉनचा दोरा, दोन्ही एकत्र ओवून, म्हणजे ताण दोरा घेतो आणि लोकर अंगाला मऊ लागते. पिशवी वॉकरच्या आतल्या बाजूला, म्हणजे भार दोन्ही पावलांच्या मध्ये राहतो. बाटलीला एक अरुंद उभा कप्पा, मोबाईलला एक, चष्मा आणि गोळ्यांना झाकणाचा एक. चार ठिकाणी बंद. कडेला सुयांवरच वीण बंद केलेली, शिवण नाही, कारण शिवण आधी उसवते.

त्या दिवशी मी स्वयंपाकघरातून माझी मीच भाकरी, कागदात गुंडाळून, पिशवीत घालून खोलीत आणली आणि पलंगावर बसून खाल्ली. कोणाला मागितली नाही. मी रडले नाही. निकिता रडली.

ही पिशवी माझ्या डोक्यातून निघाली आणि निकिताच्या हातांनी झाली. एवढेच खरे आहे.

कलम ६. दोन वर्षांपूर्वी परभणीला बचत गटांच्या बायकांचे प्रदर्शन भरले होते. निकिताने वीस पिशव्या नेल्या. मलाही नेले. दोघा माणसांनी मला खुर्चीसकट उचलून मंचावर ठेवले, पुढे वॉकर, वॉकरला पिशवी. मला वाटले, दोन शब्द मला बोलायला सांगतील. मी मनात जुळवूनही ठेवले होते.

माईक निकिताने घेतला. म्हणाली, "ही माझी आत्या. हिला स्वतःच्या हाताने घोटभर पाणीसुद्धा घेता येत नव्हते. अंथरुणात पडून असायची. तिचे हाल मला बघवेनात. रात्रंदिवस विचार करून मी ही पिशवी तयार केली."

टाळ्या पडल्या. माझ्या गळ्यात हार घातला. एका बाईने माझ्या तोंडाशी पाण्याचा पेला धरला, फोटोसाठी, आणि मी प्याले. दुसऱ्या दिवशी पेपरात आला तो फोटो हाच.

मी अकरा दिवस निकिताशी बोलले नाही. बाराव्या दिवशी ती मशीनवरून उठून आली आणि दारात उभी राहिली.

"आत्या, त्यास्नी गोष्ट पाहिजे व्हती. म्हातारीनं आपली आपण पिशवी केली म्हणलं असतं तर कुणी छापलं असतं?"

"मग मला कशाला नेलंस तिथं? वॉकर ठेवला असता नुसता."

"तूच म्हणायचीस ना, तू माजे हात हायस म्हणून? मग हातानं केलं ते कुणाचं? हाताला काय नावच नसतंय?"

मी तोंड भिंतीकडे केले. ती पुन्हा कामाला लागली. त्याच दिवशी मी ठरवले की मशीन तिला द्यायचे, पण त्यावरची सरकती गाडी, जिच्याशिवाय मशीन म्हणजे नुसती सुयांची फळी, ती माझ्यामागे ढालेगावला गोदावरीत टाकायची. तसे मी आज लिहूनही ठेवते: मशीन निकिताला, गाडी गोदावरीत. पिशवीचे सगळे श्रेय जिचे, तिला नुसत्या हातांनी विणू द्यावे.

कलम ७. वरचे लिहून झाल्यावर आठ दिवस वही उघडली नाही. आता जे लिहिते ते या कागदातले मुख्य कलम आहे. हे वकीलबाईंनी मोठ्याने वाचावे.

सहा वर्षांपूर्वी, म्हणजे खुबा मोडल्यानंतरच्या वर्षी आणि पिशवी सुचायच्या दोन वर्षे आधी, निकिताला सेलूकडचे स्थळ आले. मुलगा परमेश्वर, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. त्याची आई कस्तुराबाई. बघण्याचा कार्यक्रम पाथरीला माझ्याच घरी झाला, कारण पोरगी इथे होती. परमेश्वर बोलायला सरळ होता. निकिताने पोहे दिले तेव्हा त्याने तिला विचारले, "मशीनवर तुमीच बसता का? दाखवता का जरा?" आणि तिने दाखवले. मी पलंगावरून पाहत होते. तिने गाडी फिरवून दाखवली, त्याने फिरवून पाहिली, धागा तुटला, दोघे हसले. निकिताला तसे हसताना मी आधी पाहिले नव्हते, नंतरही नाही.

कस्तुराबाई उठून माझ्या खोलीत आल्या. माझ्या शेजारी पलंगावर बसल्या. बाई चांगली होती.

"पोरगी लय गुणाची हाय बाई. आमाला पसंत हाय. तुमी तिच्या आईसारख्या, तुमी काय म्हणता?"

मी विचारले, "लगीन झाल्यावर ऱ्हाणार कुठं?"

"पुण्याला. पोराला तिकडं काम लागायलंय. पाडव्याच्या आत उरकून घ्यावं म्हणते."

मी माठाकडे पाहिले. अकरा पावले. पलंगाखालच्या भांड्याकडे पाहिले, ते सकाळी कोण काढते त्याचा विचार केला. पुढच्या खोलीत निकिता धागा पुन्हा ओवत होती आणि तो मुलगा वाकून बघत होता. मला विचार करायला फार वेळ लागला नाही, हे मी लिहून ठेवते. चिडून बोलले नाही, घाबरून तोंडातून निसटलेही नाही. मी आवाज खाली आणून, तिच्या भल्याचे सांगत असल्यासारखे बोलले.

"स्थळ चांगलंच हाय. फकस्त एक सांगून ठेवते, मागून तुमी म्हणाल लपवलं. माजा पाय बघितला ना? माज्या आत्याचाबी असाच व्हता. आमच्या घराण्यात पोरींच्या पोटी उतरतंय हे."

माझ्या आत्याचे दोन्ही पाय धडधाकट होते. ती सत्तरीपर्यंत खुरपायला जात होती.

कस्तुराबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सांगितलंत ते लय बरं केलं बाई. कोण सांगतंय असं." आणि डोळे पुसत गेल्या.

निरोप आला नाही. निकिता पंधरा दिवस मोबाईल मशीनवर ठेवून काम करायची. मग तिच्या आईचा, बायनाबाईचा, फोन आला. निकिताचे हात लोकरीत होते म्हणून तिने स्पीकर लावला आणि मी सगळे ऐकले. "तुज्यातच काय तरी खोट हाय. पांढऱ्या पायाची हायस तू. ज्या घरात जाशील त्या घराचं वाटोळं." निकिताने ऐकून घेतले आणि फोन ठेवला. माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "जाऊ दे. त्यांचंच नशीब फुटकं." ती माझ्याजवळ आली आणि माझ्या कमरेला डोके लावून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात फिरवताना मला बरे वाटत होते, कारण ती आता जाणार नव्हती. हे वाक्य वाचताना वकीलबाईंनी थांबू नये.

त्यानंतर दोन स्थळे आली ती मी मोडली नाहीत. मोडायची गरज पडली नाही. सेलूपासून पालमपर्यंत सगळ्यांना कळले होते.

पिशवी झाली तेव्हा माझे मला करता येऊ लागले. ती आधी सुचली असती तर मी निकिताला जाऊ दिले असते का? मला वाटते, दिले असते. पण हे मला वाटते. याचा पुरावा नाही.

गेल्या महिन्यात पालमचे स्थळ आले. मुलगा बजरंग, हार्डवेअरचे दुकान, आई नाही, चुलते घेऊन आले होते. मी ठरवले होते की आज तोंड उघडायचे तर पोरीच्या बाजूने. निकिता स्वयंपाकघरात भजी तळत होती, तेलाच्या आवाजात तिला इकडचे ऐकू जात नव्हते. चुलते माझ्या खोलीत आले, खुर्ची ओढून बसले.

"बाई, आमच्या कानावर आलंय की तुमच्यात पायाचं घराण्यात हाय."

"खोटं हाय ते. साफ खोटं. माजा पोलिओ हाय. साथीचा रोग हाय त्यो, घराण्याचा काय संबंध न्हाई. मी डॉक्टरचा कागद आणून देते."

ते हसले. वाईट नाही, समजूतदार हसले. "ऱ्हाऊ द्या बाई. लेकरासाठी माणूस असंच बोलतंय. तुमच्या जागी मीबी असंच बोललो असतो."

"मी शपथ घेते. घराण्यात हाय म्हणून बोलली ती मीच, आणि मी खोटं बोलले."

"बघा, आता सोताला खोटं ठरवायला लागल्या पोरीपायी," ते म्हणाले, आणि मला हात जोडून उठले. चहा तसाच राहिला.

निकिताने कपबश्या विसळल्या. भजी कोणी खाल्ली नव्हती, ती तिने शेजारी नेऊन दिली. मग माझे पाय चेपायला बसली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे आत्या. बरंच झालं. मी गेले असते तर तुला कुणी बघितलं असतं?"

त्या दिवसापासून हा कागद माझ्या डोक्यात आहे. जिवंत बाईचे कोणी खरे मानत नाही, कारण तिला अजून काही हवे असते. मेलेल्या बाईला काही नको असते. म्हणून मी इथे प्रतिज्ञेवर लिहिते: आमच्या घराण्यात पायाचा कोणताही आजार नाही. मी कस्तुराबाईंना जे सांगितले ते खोटे होते आणि माझ्या सोयीसाठी होते. पोलिओ आईबापाकडून येत नाही, याचा डॉक्टरांचा सहीशिक्क्याचा कागद सोबत आहे. निकिता आश्रुबा घुंबरे हिच्यात कोणतीही खोट नाही. ती पांढऱ्या पायाची नाही.

हे कलम माझ्या तेराव्याला, वालूरला, भावकी जेवायला बसण्याआधी वाचावे. जेवण झाल्यावर लोक पांगतात. याच्या झेरॉक्स प्रती कस्तुराबाईंना आणि पालमच्या लोकांना पोचत्या कराव्यात. परमेश्वराचे लग्न झाले आहे, त्याला दोन मुले आहेत, हे मला माहीत आहे. तरी द्यावी.

कलम ८. कलम सहामधला मशीनच्या गाडीविषयीचा मजकूर मी रद्द करते. गाडी, सुया, लोकर आणि विणून ठेवलेल्या सर्व पिशव्यांसह मशीन निकिताचे. पिशवी कोणी बनवली असे विचारले तर तिने स्वतःचे नाव सांगावे. मी तिचे घेतले त्याच्या मानाने तिने माझे काहीच घेतले नाही, आणि तो अकरा दिवसांचा अबोला धरायचे तोंड मला नव्हते.

पाथरीचे घर मी निकिता आश्रुबा घुंबरे हिला पूर्ण मालकी हक्काने देते. तिने ते विकावे, भाड्याने द्यावे, पाडावे. तिच्या आईबापाने त्यात एक रात्रही राहू नये. तिने ठेवले तर मात्र माझा इलाज नाही. घर दिले म्हणून तिने मला माफ करावे अशी अट नाही, अपेक्षाही नाही. माझा फोटो भिंतीवर लावू नये. ती मातीला किंवा तेराव्याला येणार नाही असे म्हणाली तर कोणी तिला ओढून आणू नये, आणि आली आणि काही बोलली तर तिला कोणी आवरू नये.

माझा वॉकर सरणावर ठेवू नये. पिशवीसह तो सरकारी दवाखान्यात द्यावा.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाई राजेश्री यांनी करावी. हा कागद त्यांच्या कपाटात राहील आणि माझे डोळे मिटेपर्यंत निकिताला दाखवला जाणार नाही.

वकीलबाईंनी मला विचारले, "कासाबाई, ती तर तुमच्याच घरात आहे. आजच का सांगत नाही?" मी त्यांना उत्तर दिले नाही, ते इथे लिहिते. डॉक्टर म्हणतात हृदय थकले आहे, वर्ष, फार तर दीड वर्ष. बाटली आणि भाकरी मी पिशवीत घालून आणते. पण न्हाणीत मला धरायला, भांडे काढायला, कूस बदलायला आता पुन्हा माणूस लागते. आज सांगितले तर निकिता आधी माझे पाणी तापवील, मला आंघोळ घालील, कोरडे लुगडे नेसवील आणि मग जाईल. अशी आहे ती. पण जाईल. आणि एकोणतीस म्हणजे अजून जाण्याचे वय आहे. एकतीस म्हणजेही असेल, असे मी धरून चालले आहे.

म्हणून मी सांगत नाही. हे दुसऱ्यांदा करते आहे, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय. तेराव्याला कोणी उठून म्हणू लागले की आत्याचा पोरीवर फार जीव होता म्हणून तिला सोडवले नाही, तर वकीलबाईंनी त्याला खाली बसवावे. मी भीतीने केले.

वर लिहिलेले मी दोनदा वाचून पाहिले. ते माझे आहे, खरे आहे. साक्षीदारांसमोर सही करत आहे.

सही: कासाबाई धोंडीबा घुंबरे

ठिकाण: पाथरी, जिल्हा परभणी
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

आम्ही खालील साक्षीदार लिहून देतो की कासाबाई यांनी आमच्या डोळ्यांदेखत, पलंगावर बसून, सही केली. आतला मजकूर आम्हांस दाखवलेला नाही व आम्ही विचारलेला नाही.

साक्षीदार १: रामकिशन बापूराव टेंगसे, सेवानिवृत्त पोस्टमास्तर, पाथरी. सही

साक्षीदार २: शिवकन्या मारोतराव काळे, अंगणवाडी सेविका, पाथरी. सही

सही होत असताना भाची निकिता साक्षीदारांसाठी चहा करीत होती. कसला कागद आहे असे तिने विचारले असता कासाबाई यांनी "पेन्शनचा" असे सांगितले.